चाळणीवरचा कोंडा

सोमवार, ४ सप्टेंबर

एकशे सत्त्याऐंशी ओळी! मोजल्या मी. एका चुकीच्या एकशे सत्त्याऐंशी ओळी!

आमचा हजेरीपट, म्हणजे शाळांना दिलेला आमचा प्रोग्राम, एखाद्या शाळेत कोसळला की कोसळता कोसळता जबानी लिहून ठेवतो — मी पडलो, मला अमक्याने बोलावलं होतं, त्याला तमक्याने, त्याच्या मागे ढमका. ऑफिसातली पोरं तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. मला आपले गावसभेतले वक्ते आठवतात. प्रश्न एवढाच असतो की डुक्कर कुणी चोरलं. पण सात पिढ्यांची नावं घेतल्याशिवाय गडी बसायचा नाही.

त्यातल्या एकशे ऐंशी ओळी परक्यांच्या. ज्यांचा तयार माल आपण वापरतो त्या दूरदेशीच्या मंडळींच्या. आपल्या जेमतेम सहा-सात. सेमिसी सकाळी डोकं धरून बसला होता. आमचा साहेब, पस्तिशीचा, वेलिंग्टनला शिकून आलेला. "तिना, यातून आपली ओळ शोधायची म्हणजे समुद्रातून आपल्या घरचं मीठ शोधायचं."

तिना म्हणजे आई. ऑफिसात सगळेच म्हणतात, फाटकावरचा म्हातारा राखणदारसुद्धा. तो माझ्याहून मोठा आहे!

"मी चाळणी करून देते," म्हटलं. शाळांना सुट्टी आहे, आठवडा हातात आहे. बोलून बसले खरी. साठाव्या वर्षी!

(माझ्या नवऱ्याच्या, आलेसानाच्या हिशोबाने साठ. खरं वय मी या वहीतही लिहीत नाही.)

बुधवार, ६ सप्टेंबर

चाळणी चालते! हिय्या करून सांगते — सुंदर चालते.

जबानी आली की आधी परक्यांच्या ओळी गाळते. मुलांची नावं आणि जन्मतारखा झाकून तिथे फुल्या मारते. लेकरांची माहिती चारचौघांच्या पडद्यावर नको. शेवटी 'पेले' फोल्डरही गाळायच्या यादीत टाकलं. ते माझंच. तारखा, वार, मुलांची वयं. बारा वर्षांत तिथे एकदाही काही मोडलेलं नाही, मग उगीच गर्दी कशाला? यादीत ते मोठमोठ्या जगप्रसिद्ध नावांच्या पंगतीला जाऊन बसलं. लिहिताना जरा गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोलू.

कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पेर्पेतुआ आठवल्या. भरतकामाच्या तासाला समोरचा गुलाब बघायच्याच नाहीत. "गुलाब कुणीही काढील. पेलेनातेते, उलटी बाजू दाखव!" आणि मग चष्मा नाकावर घसरवून गाठी मोजायच्या. आज असत्या तर उलटी बाजूसुद्धा दाखवली असती. इतकी स्वच्छ आहे.

गुरुवार, ७ सप्टेंबर

एकशे सत्त्याऐंशीच्या सहा झाल्या. सेमिसीने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. राखणदारानेही वाजवल्या — कशासाठी ते त्याने विचारलं नाही.

सोमवार, ११ सप्टेंबर

शाळा उघडल्या. आठ वाजून पाच मिनिटांनी मालाएआचा फोन. ही समुद्रापलीकडच्या सावाई बेटाच्या पार टोकाला मुख्याध्यापिका आहे. कॉन्व्हेंटात माझ्या मागच्या बाकावर बसायची. तेव्हाही बोलायची, आताही बोलते.

"अगं पेले, तुझा हजेरीपट मेला!"

"सगळा?"

"सातवीचाच गं. बाकी वर्ग ठणठणीत. सातवी उघडली की आडवा! मी आत्ताच ती नवीन पोरगी घातली, ऑकलंडहून आलीय, काय उंच आहे म्हणून सांगू, आणि बूट तर असे घालून येते की जसं काही चर्चमध्ये —"

मी फोन खांद्यावर धरून चाळणी बघत होते. सहा ओळी. सगळ्यात वर लाफाएलेची फाइल.

लाफाएले जूनमध्ये आला. चाळिशीचा. बाजारामागच्या काकांच्या बेकरीत अठरा वर्षं भट्टीपुढे उभा होता. पाठ गेली तेव्हा संध्याकाळचे वर्ग करून प्रोग्राम लिहायला शिकला. घरी पाच मुलं आणि सासू. तीन महिन्यांच्या परीक्षेवर आहे — ठेवायचा की नाही ते सेमिसी बावीस तारखेला ठरवणार. हजेरीपट पडद्यावर मांडायचा भाग त्याने लिहिलाय.

त्याला सहा ओळी दाखवल्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "बघतो, तिना."

मंगळवार, १२ सप्टेंबर

लाफाएलेने दुरुस्त केलं. आठ पाचला मालाएआ. सातवी आडवी.

बुधवार, १३ सप्टेंबर

त्याने तो भाग मुळापासून नवा लिहिला. आता पूर्वीपेक्षा लवकर कोसळतो. एवढी प्रगती आहे.

गुरुवार, १४ सप्टेंबर

अरे देवा! आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. मूल तीन दिवस गैरहजर दिसलं की घरी आपोआप निरोप जातो. सातवीचा पट उघडतच नाही, म्हणजे सबंध सातवी गैरहजर! काल संध्याकाळी बत्तीस घरी बत्तीस निरोप.

गावप्रमुखांचा नातू सातवीत आहे. आज सकाळी ते काठी घेऊन समुद्रावर गेले. तिथे कुणी नाही. मग नारळाच्या बागेत. तिथेही नाही. शेवटी तशीच काठी घेऊन शाळेत — तर बत्तीसच्या बत्तीस वर्गात बसून अपूर्णांक सोडवतायत!

"मला म्हणाले," मालाएआ फोनवर धापा टाकत होती, "मुख्याध्यापिकाबाई, एवढी मुलं तुम्हाला दिसत नाहीत? मी म्हटलं मला दिसतात हो, आपियाच्या ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीला दिसत नाहीत!"

मी इतकी हसले की पोट दुखलं. मग लाफाएलेकडे नजर गेली. तो हसत नव्हता.

रविवार, १७ सप्टेंबर

चर्चहून आल्यावर बहिणीकडे जेवण. पालुसामी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, तारोचे कंद, मासा. जड होऊन घरी आले आणि व्हरांड्यात आडवी झाले.

आलेसाना असता तर म्हणाला असता, "साठ वर्षांच्या बाईने एवढं खाऊ नये."

माझा पन्नासावा त्याने कधी धरलाच नाही. सरकारने देशाचं घड्याळ तारीखरेषेच्या पलीकडे नेलं, तेव्हा एक आख्खा दिवस गाळला. गुरुवार एकोणतीस डिसेंबरच्या पाठीला पाठ लावून शनिवार एकतीस. शुक्रवार नाहीच. आणि त्या नाहीशा शुक्रवारी माझा पन्नासावा वाढदिवस होता! वर्षभर मला चिडवत होता. मध्यरात्री सगळ्या चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यावर नाचत होते, आणि हा वेडा माझे दोन्ही हात धरून म्हणतो, "पेले, बघ! देवच म्हणाला, हिला पन्नास करू नका."

पुढे दर वर्षी केकवर एक मेणबत्ती कमी. त्याला जाऊन चार वर्षं झाली. मी आपला तोच हिशोब चालू ठेवलाय.

बुधवार, २० सप्टेंबर

आज जरा वाजलं.

लाफाएले पानिपोपोची परात घेऊन आला — नारळाच्या दुधात भिजलेले ते पाव, गरम. माझ्या टेबलावर ठेवून उभाच राहिला.

"तिना, मला न चाळलेली जबानी बघायचीय."

"कशाला? कचरा आहे तो."

"कोंडा म्हणा. माझे काका सांगायचे, पावात अळी निघाली तर पीठ बघत बसू नकोस, चाळणीवर काय राहिलंय ते बघ."

"म्हणजे माझी चाळणी खोटं बोलते?"

"खोटं नाही बोलत, तिना," तो अगदी हळू म्हणाला. "कमी बोलते."

मला राग आला. एवढा राग यायचं कारण नव्हतं. मी म्हटलं न चाळलेलं मी ठेवतच नाही, जागा खातं. आधी चाळते, मग साठवते. आणि ज्याची ओळ वर त्याची चूक, हे शाळकरी पोरालाही कळतं.

"बरं," म्हणाला. परात मात्र ठेवून गेला.

चार खाल्ले. रागातच.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

लाफाएले गेला.

सेमिसीला वाईट वाटत होतं. पेन उघडत होता, बंद करत होता. "माणूस सोन्यासारखा आहे. पण दोन आठवडे एक वर्ग उघडत नाही म्हणजे... तिना, तुम्ही काय म्हणता?"

एवढ्या वेळात मला कितीतरी म्हणता आलं असतं. थांब म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "चाळणी तर तेच दाखवते."

बस. तेवढं पुरलं.

त्याने टेबल पुसलं, खुर्ची आत सरकवली, सगळ्यांशी हात मिळवला. माझ्या टेबलावर कागदी पिशवीत एक पाव ठेवला. पिशवीवर पेन्सिलीने: 'सोमवारी आठ पाचला, फक्त एकदा, चाळणी काढून.'

रविवार, २४ सप्टेंबर

चर्चमध्ये मिस्सेत लक्ष नव्हतं. लहानपणी दर शुक्रवारी पापांची कबुली द्यावी लागे आणि आम्हा मुलींकडे पापं पुरायची नाहीत. मग आम्ही रचायचो. मी एकाच आंब्याची चोरी तीन फादरना सांगितलीय. आज पाप आहे असं वाटतंय आणि कुठलं ते सापडत नाही.

पाव अजून पिशवीत आहे.

सोमवार, २५ सप्टेंबर

हे नीट लिहायला हवं. आणि हसूही येतंय. देवा, कसलं हसू हे!

पावणेआठला चाळणी काढून ठेवली. आठ पाच. सातवी आडवी. पूर्ण जबानी छापली, पाच पानं. ऑफिसच्या जमिनीवर एकाला एक लावून पसरली आणि गुडघ्यांवर बसून, बोट लावून, एकेक ओळ वाचत गेले. वर लाफाएलेची फाइल — 'पट मांडता आला नाही.' का नाही? खाली परके. परके. परके. आणि एकशे त्रेचाळिसाव्या ओळीला 'पेले' फोल्डर. माझं!

'कारण: ३०-१२-२०११. हा दिवस झालाच नाही. शंका असल्यास पेलेनातेतेला विचारा.'

दोनदा वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

दोन आठवडे, रोज सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी, ते बिचारं यंत्र जीव तोडून सांगत होतं — पेलेनातेतेला विचारा! आणि पेलेनातेते काय करत होती? ती ओळ गाळून फेकत होती!

आठवलं. दिवस गाळल्यानंतरचा जानेवारी. फॉर्म भरणारे लोक चुकून त्या शुक्रवारची तारीख घालत, म्हणून मी ती अडवली. त्या दिवशी आलेसाना मला न्यायला आला होता. खुर्चीमागे उभा राहून सांगत होता, "लिही, लिही. शंका असल्यास पेलेनातेतेला विचारा. ती त्या दिवसाची मालकीण आहे." मी हसत हसत टाइप केलं. पुसायचं राहिलं.

धावत मालाएआला फोन. "सातवीत कुणाचा जन्म त्या शुक्रवारचा आहे?"

"त्या शुक्रवारी कोण जन्मणार, तो झालाच — थांब. थांब गं. त्या ऑकलंडच्या पोरीचा! मी सांगत नव्हते तुला पहिल्याच दिवशी? तू ऐकत कुठे होतीस!"

ऑकलंडला शुक्रवार झाला होता. अर्थातच झाला होता. आमच्या बेटांवर झाला नाही म्हणून मी सगळ्या जगाचा रद्द केला.

सिस्टर पेर्पेतुआंच्या वर्गात एकदा प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी उलट्या बाजूच्या सगळ्या गाठी कात्रीने साफ कापल्या होत्या. काय स्वच्छ दिसत होतं! पहिल्या धुण्याला गुलाब हातात आला.

सेमिसीला पाचही पानं दाखवली. तो जमिनीवर माझ्याशेजारी बसला आणि एकेक ओळ वाचत गेला. मग म्हणाला, "तिना, आपण काय करून ठेवलं?"

"आपण नाही. मी."

त्याने लगेच लाफाएलेला फोन लावला. उचलला नाही. काकांच्या बेकरीत परत भट्टीवर उभा राहिलाय म्हणे. त्या पाठीने.

पेटी उघडून आईची मऊ चटई काढलीय. उद्या सकाळी.

मंगळवार, २६ सप्टेंबर

सहा वाजता बेकरीच्या दारासमोर बसले आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. सोबत जबानीची पाच पानं. ज्याचा अपराध केला त्याने स्वतः येऊन चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. क्षमा अशीच मागायची असते. असं बसायला गावचे सरदार बसतात, खूनमारामारीसाठी बसतात. हजेरीपटासाठी बसलेली मी पहिलीच असेन.

चटईखालून फक्त पाय दिसतात. पावाची रांग लागलेली.

"कोण आहे हो?"

"कुणी गेलं का?"

"पावात काहीतरी निघालं असणार."

"अहो, पावात निघालं तर बेकरीवाला बसेल ना बाहेर! ही तर गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलीय."

मग एक बाई वाकली. "अगं बाई, या तर पेलेनातेतेच्या चपला! ती कम्प्युटरवाली! हिने कुणाला मारलं?"

हलायचं नाही. घाम पाठीवरून धारांनी. गुडघा बधिर. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, पाठ ताठ!

साताच्या सुमाराला गाडी थांबली. चकचकीत बूट जवळ आले, घुटमळले. बूट काढले गेले. चटईची कड उचलली आणि आत सेमिसी!

"सरका थोडं, तिना."

"अरे, तू कशाला?"

"काढलं मी ना त्याला? तुम्ही फक्त ओळ गाळली, मी माणूस गाळला."

आमचा साहेब! इस्त्रीच्या शर्टात, धुळीत मांडी घालून. मी जराशी सरकले. दोघांना उकडत होतं. थोड्या वेळाने तो कुजबुजला, "आतून पावाचा वास काय येतोय!"

"गप्प बस. पश्चात्ताप चाललाय."

मग पिठाने पांढरे झालेले अनवाणी पाय आले आणि समोर उभे राहिले. किती वेळ! मी चटईखालून पानं पुढे सरकवली. त्याने घेतली. पान उलटल्याचा आवाज. मग आणखी एक. आणि मग लाफाएले मोठ्याने वाचायला लागला — सभेतल्या वक्त्यासारखा, एकही नाव न गाळता, परक्यांचीसुद्धा! रांगेतली माणसं प्रत्येक ओळीला हुंकार भरायला लागली. एकशे त्रेचाळिसाव्या ओळीला तो अडखळला.

"शंका असल्यास... पेलेनातेतेला..."

आणि हसला. असा हसला की चटईवर पीठ सांडलं. अख्खी रांग हसली, का ते कुणालाच कळलं नव्हतं.

चटई उचलली गेली. केवढा उजेड!

"तिना, उठा. साहेब, तुम्हीही उठा. लोकांना पावासाठी वळसा घालावा लागतोय."

"आधी माफ केलंस म्हण," मी म्हटलं. रडत होते वाटतं.

"चटई उचलली ना! आणखी काय म्हणायचं?"

"दहाला ऑफिसात येशील?" सेमिसी हात जोडून.

लाफाएलेने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "भट्टीत दोनशे पाव आहेत. ते बाहेर काढले की येतो. पण चाळणीला मी हात लावणार!"

"लाव बाबा. दोन्ही लाव."

बुधवार, २७ सप्टेंबर

ती तारीख मी मोकळी केली. एक ओळ पुसली, बस. पुसण्याआधी वहीत उतरवून घेतली — आलेसानाची होती ती.

लाफाएलेने चाळणी बदलली. वर सहाच ओळी दिसतात, पण कोंडा वेगळ्या पोत्यात राहतो, केव्हाही उघडता येतो. आणि 'पेले' जगप्रसिद्ध मंडळींतून उठून आपल्या माणसांत आलं.

आठ पाचला मालाएआ. सवयीने मी दचकले.

"बत्तीस! बत्तीसच्या बत्तीस हजर! आणि ऐक, ती ऑकलंडची एलेनोआ विचारतेय, माझं नाव घातल्यावरच सगळा वर्ग का बंद पडायचा? रडली गं पोरगी. तिला वाटलं आपण इथे चालत नाही. काय सांगू?"

हीसुद्धा मी गाळूनच टाकली होती. दोन आठवडे मला लाफाएले दिसत होता, नंतर मी दिसले. बूट घालून शाळेत येणारी एक मुलगी तिथे रोज सकाळी बसली आहे, हे कुठे दिसलं?

"सांग, तिची काही चूक नव्हती," मी म्हटलं. "एका म्हातारीने तिचा दिवस बळकावून ठेवला होता. परत केलाय म्हणावं."

शनिवार, ३० डिसेंबर

सकाळी फोन. मालाएआ नाही — एलेनोआ! "तिना, आज आपला दोघींचा वाढदिवस. मी बारा. तुम्ही किती?"

"बासष्ट," म्हटलं. पहिल्यांदाच मोठ्याने. आलेसाना, रागावू नकोस.

मग धीर करून विचारलं, तू जन्मलीस तो दिवस कसा होता गं? तिने आईला हाक मारली. आतून उत्तर आलं — सकाळभर पाऊस, आणि दुपारनंतर लख्ख ऊन.

माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी दुपारनंतर लख्ख ऊन होतं!